मोजणी सहावर थांबली

१

"एक, दोन, तीन, चार, पाच, सहा."

सुलोचनाबाई थांबल्या. काल याच वेळी त्या सातवर थांबल्या होत्या.

खिडकीजवळच्या खाटेवर त्यांना उशांच्या आधारानं बसवलेलं होतं. आठ महिन्यांपूर्वी लकव्यानं उजवं अंग गेलं आणि जाताना बोलणंही घेऊन गेलं. तीस वर्षं बालवाडीतल्या पोरांना बोलायला शिकवणारी बाई ती. तिच्या तोंडात आता ना नवऱ्याचं नाव उरलं होतं, ना 'पाणी' हा शब्द. उरली होती ती फक्त मोजणी. दवाखान्यातल्या मॅडम म्हणाल्या होत्या, "पाठ झालेलं कधीकधी तेवढं शिल्लक राहतं. ते धरून ठेवा. तेही सुटलं तर मग अवघड आहे." म्हणून भैयाजींनी पिपरी मेघे गावातल्या आपल्या घराच्या परसात, अगदी खिडकीसमोर, सिमेंटचं टाकं बांधून घेतलं आणि त्यात बारा रोहू सोडल्या. सून मोनाली सकाळी मुरमुरे टाकायची, मासोळ्या वर यायच्या, आणि सुलोचनाबाई मोजायच्या. दिवाळीनंतर एकदा बारा झाल्यावर त्या "झालं" असंही म्हणाल्या होत्या. त्या एका शब्दावर भैयाजी महिनाभर जगले.

आज पंधरा मार्च, आणि मोजणी अर्ध्यावर आली होती.

सुलोचनाबाईंनी रोजच्यासारखा डावा हात उचलला आणि बोट भैयाजींवर रोखलं. डोळे भरून आले होते. हात खाली येत नव्हता.

"हाव, सुलोचना, समजते मले," भैयाजी म्हणाले. "पकडतो मी त्याले. सोडत नाई."

ते परसात धावले. भैयाजी म्हणजे सिंदी रेल्वेच्या फाटकावर बत्तीस वर्षं काढलेला गेटमन. आपण लावलेल्या फाटकाखालून कुत्रंही गेलं नाही असं ते सांगायचे. कुत्री जायची, पण सांगणाऱ्याचं तोंड कोण धरणार! टाक्याचा बंदोबस्तही त्यांनी त्याच ऐटीत केला होता. वरून हिरवी जाळी, चारी कोपऱ्यांना गाठी मारून. पाखरं बुजावीत म्हणून चकचकीत पट्ट्या. शेतात रानडुकरांसाठी बांधतात तशा सुलोचनाबाईंच्या जुन्या साड्या चहूबाजूंनी. काठाला लागून वीतभर रुंद साप येऊ नये म्हणून औषधाचा पट्टा, औषध सिंदीच्या ओळखीतल्या रूपराव शेतकऱ्यानं पाठवलेलं. आणि कोपऱ्यात भैयाजींचा जुना खाकी शर्ट घातलेलं बुजगावणं.

जाळी फाटलेली नव्हती. साडी सरकलेली नव्हती. काठावर एक खवला नाही, रक्ताचा थेंब नाही. आणि मासोळी एक कमी.

भैयाजी काठावरच बसले. मोजायला काही उरलं नाही तर सुलोचना काय मोजणार, हा एकच विचार त्यांचं काळीज कुरतडत होता.

२

चोर जंगली असेल तर तो ओळखणारं माणूस गावात एकच, तानाबाई. धाम नदीवर जाळी टाकणाऱ्या घरातली, साठी उलटलेली, बाजारात मासोळी विकणारी. टाक्यातल्या बारा रोहू तिनंच घागरीतून जित्या आणून दिल्या होत्या. भैयाजी तिच्याकडे गेले तेव्हा ती म्हणाली, "अठरा तारखेले येतो. तोवर राखण करजा."

तीन दिवस भैयाजी स्टूल टाकून टाक्याशी बसले. जेवणही तिथंच. तीन दिवस मोजणी सहावर टिकली. राखण केली की चोर येत नाही, हे पाहून त्यांना थोडा धीर आला. पण माणूस जन्मभर स्टुलावर बसेल का?

अठराला दुपारी तानाबाई आली. टोपली भिंतीशी ठेवली, दाढेखाली तंबाखूचा खर्रा सरकवला आणि टाक्याभोवती फेरी मारली. साड्या पाहून तिला हसू आलं.

"काय जी भैयाजी, टाकं हाय का नवरी हाय?"

"मस्करी नोको करू, तानाबाई. माह्या घरात जीव टांगणीले लागला हाय."

तिचं हसू मावळलं. खिडकीतून सुलोचनाबाई पाहत होत्या. तानाबाईनं त्यांना हात जोडले आणि काठाशी उकिडवी बसली.

"चोर कुठलाबी असो, जेवून गेला का पत्रावळ टाकून जाते. पहिली मासोळी कोनं नेली?"

"बगळ्यानं. फेब्रुवारीच्या शेवटी, माह्या डोळ्यांदेखत. म्हणून तर जाळी टाकली."

"मंग बगळा बाद झाला. जाळीतून त्याची मान जात नाई. पाणमांजर एकटी येत नाई. सारं कुटुंब घेऊन आली असती, एका दिवसात टाकं साफ, आन काठावर खवल्यायचा सडा. मांजर मुंडकं ठेवते. मुंगूस ओढत नेते, रगताचा माग राह्यते."

"आन दिवड, पाण्यातला साप? एक तारखेले मी इथीच दिवड पायली. एवढी मोठी! म्हणून तर औषध टाकलं."

"दिवड बोटभर मासोळी गिळते. वीतभराची रोहू गिळली असती तर पोट फुगवून इथीच लोळत पडली असती." तानाबाईनं पिंक टाकली. "माहं म्हणणं ऐका. तुमचा चोर जंगलातला नाई."

बोलता बोलता तिनं जाळीच्या एका कोपऱ्याची गाठ चिमटीत धरली. जन्म जाळ्यात गेलेली बाई ती. मग दुसरी गाठ पाहिली, तिसरी पाहिली आणि पुन्हा पहिलीपाशी आली.

"तीन गाठी एका हाताच्या हायेत. ही चौथी कोनाची?"

भैयाजी वाकले. तीन कोपऱ्यांना त्यांची रेल्वेतली दुहेरी, ओढली की घट्ट होणारी गाठ होती. चौथ्या कोपऱ्याला गाठोड्याला मारतात तशी साधी गाठ होती.

३

"ओमप्रकाश!" भैयाजी ओरडलेच. "त्यानंच! या टाक्यामुळे मच्छर होतात म्हणून ग्रामपंचायतीत अर्ज दिला त्यानं!"

उजवीकडच्या घरातला ओमप्रकाश बनियनवर बाहेर आला. भैयाजींनी त्याची गचांडी धरायची तेवढी बाकी ठेवली होती.

"अरे भाऊ, मले मासोळी चोरायची असती तर एकेक कायले चोरली असती? एक बाटली घासलेट ओतलं असतं, किस्सा खतम!" ओमप्रकाश म्हणाला. "आन अर्ज तर मी वापस घेतला. पंधरा दिवस झाले, एक मच्छर नाई. मी तर बायकोले म्हटलं, भैयाजीनं टाकं एकदम साफ ठेवलं बा."

"पंधरा दिवस?" तानाबाईनं विचारलं.

"पंधरा-सोळा. काऊन?"

तानाबाई टाक्यातल्या पाण्यावर वाकली. पाणी आरशासारखं स्वच्छ होतं. पाण्यावर धावणारा एक किडाही नव्हता.

तेवढ्यात डावीकडच्या भिंतीवरून लीलाबाईंचं डोकं वर आलं. त्यांना कोणी बोलावलं नव्हतं. पण आठवडाभर कोंडलेलं ओझं त्यांना उतरवायचंच होतं.

"विचारा, मलेबी विचारा! माही मांजर तुमच्या मासोळ्या खाते म्हणून तिले जहर घालून मारलं ना तुम्ही? बारा तारखेले मेली बिचारी. तोंडाले फेस! मुक्या जिवाचा तळतळाट लागंल, भैयाजी!"

"मी? मी जहर घातलं?" भैयाजी भिंतीकडे वळले. "बुद्धाचा फोटो हाय माह्या घरात, लीलाबाई. मुंगी मारत नाई मी."

"मेली कुठी थे?" तानाबाईनं मध्येच विचारलं.

"तुमच्याच आंगनात. त्या पपईखाली. पंजे सारे मातीनं भरलेले."

तानाबाई उठली. पपई टाक्यापासून दहा पावलांवर, न्हाणीघराच्या आडोशाला होती. बुडाशी माती भुसभुशीत होती आणि तिच्यावर चार छोटे दगड ओळीनं मांडलेले होते. पाचवा बाजूला उलथलेला होता. तिथं कुणीतरी नखांनी उकरलं होतं.

"खुरपं द्या," तानाबाई म्हणाली.

पहिल्या दगडाखाली वर्तमानपत्रात गुंडाळलेली मासोळी निघाली, अख्खी, खवलासुद्धा न निघालेली. मागे धाडकन आवाज झाला. मोनालीच्या हातातलं घमेलं पडलं होतं.

४

"बाबा, मीच पुरल्या," ती म्हणाली.

भैयाजींनी या पोरीला सून कधी म्हटलं नव्हतं, लेकच मानलं होतं. मुलगा अनुप नोकरीसाठी पुण्याला, आणि सासूचं हगणं-मुतणं काढत ही इथं. तिनंच?

"काऊन, पोरी? तिनं काय बिघडवलं होतं तुहं? तिच्या तोंडात बारा शब्द उरले होते. थेबी तुले पाहवले नाई?"

"मी मारल्या नाई, बाबा! जाळीची गाठ सोडून मेलेल्या काढल्या." मोनाली रडायला लागली आणि मग धरण फुटल्यासारखं सगळं बोलली. तीन तारखेला पहाटे मागचं दार उघडलं तर एक मासोळी उलटी तरंगत होती. आदल्या दिवशी तिनं उरलेला वरणभात टाक्यात टाकला होता. आपल्याच हातून पाप झालं असं तिला वाटलं. "आईनं उठल्यावर खिडकीतून थे पाह्यलं असतं तर त्या मोजायलेच बसल्या नसत्या. म्हणून काढली. तेव्हापासून वरणभात बंद केला. तरी सातले दोन मेल्या. अकराले एक. पंधराले एक."

"मंग सांगितलं काऊन नाई?"

"कसं सांगू? तोवर तुम्ही साड्या बांधल्या होत्या. मंग पट्ट्या बांधल्या, बुजगावणं केलं. रोज आईले सांगून राह्यले होते, पकडतो, सोडत नाई. चोर घरातच हाय, हे कोन्या तोंडानं सांगू, बाबा?"

लीलाबाई भिंतीवरून हललेल्या नव्हत्या, पण आता त्यांनी पदराची कड डोळ्यांना लावली. ओमप्रकाश मान खाली घालून उभा होता.

तानाबाईनं हातातली मासोळी उलटसुलट करून पाहिली. कल्ले उघडून पाहिले, हुंगली आणि तोंड फिरवलं.

"पोरी, तुह्या जीव लावण्यानंच घोटाळा केला," ती हळूच म्हणाली. "मेलेली मासोळी पाण्यावर दिसली असती तर भैयाजी पाणी पाहत बसले असते, चोर नाई. वरणभातानं मासोळी मरत नाई. मरण दुसऱ्यानंच आणलं. त्याच मरणानं मांजरबी नेली. तिनं पपईखालची उकरून खाल्ली."

"कोन?" भैयाजींनी विचारलं. "कोन मारून राह्यलं मंग?"

तेवढ्यात कोपऱ्यातला नळ घरघरला. चार वाजले होते. चौथ्या दिवसाचं पाणी आलं होतं.

५

सवय वाईट. घरात भूकंप झालेला, तरी नळाचा आवाज आला की पिपरीतलं माणूस उठतंच. भैयाजींनी पाइप लावला, साड्या बाजूला सारल्या आणि टाक्याचा काठ धुवायला लागले. काठावरचं पाणी घसरून टाक्यात पडायला लागलं. गेलेलं पाणी भरून निघायचं आणि काठही स्वच्छ व्हायचा, असा त्यांचा दुहेरी हिशेब होता.

"नळ दर चौथ्या दिवशी येते का?" तानाबाईनं पपईखालूनच विचारलं.

"हाव. दोन, सहा, दहा, चौदा. आज अठरा."

"आन मासोळ्या मेल्या तीन, सात, अकरा, पंधराले."

भैयाजींनी पाइप हातातच धरून मान वर केली.

"नळाचं पाणी खराब हाय म्हणतं का? पण तानाबाई, हेच पाणी मी सुरुवातीपासून भरून राह्यलो. तेव्हा एकबी मेली नाई."

"थेच म्हणून राह्यली मी. पाणी तेच, मासोळ्या त्याच. मार्च लागल्यावर नवीन काय आलं?" ती चालत टाक्यापाशी आली आणि एकदम वाकली. काठाच्या कडेनं मुंगळे पडले होते. पाच-पन्नास, पाय आखडलेले. त्यांच्यामधून बारीक करडे दाणे पाण्याबरोबर टाक्याकडे वाहत चालले होते. उग्र वास नाकात शिरला.

"नळ बंद करा!" तानाबाई किंचाळली. "पाइप फेका, भैयाजी! फेका म्हणतो ना!"

ओमप्रकाशनं धावत जाऊन नळ पिळला.

"हे काय हाय?"

"सापाचं औषध," भैयाजी म्हणाले. "रूपराव गोठ्याभोवती टाकते. पेरणीच्या वेळचं दाणेदार, जुनं पडलं होतं त्याच्याजवळ. म्हणे, एक साप फिरकत नाई. म्हणून मासोळी गेली का मी नवा पट्टा ओढतो."

"गोठ्यात मासोळ्या राह्यतात का जी?" तानाबाईच्या आवाजात राग नव्हता, नुसता थकवा होता. "कापसातल्या किड्यायचं जहर हाय थे. एक तारखेले टाकलं, दोनले नळ आला, तुम्ही काठ धुतला, तीनले पहिली गेली. मच्छर गेले, पाण्यावरचे किडे गेले. एक मासोळी गेली का तुम्ही नवीन पट्टा ओढत गेले, अन् पुढच्या नळाले थो टाक्यात. तीन दिवस तुम्ही राखण केली म्हणून चोर आला नाई, असं वाटलं तुम्हाले. नळ आला नोता, म्हणून आला नाई. बगळ्यानं एक नेली, भैयाजी. पाच तुम्ही."

भैयाजींनी खिडकीकडे पाहिलं. सुलोचनाबाईंचा डावा हात वर होता आणि बोट त्यांच्यावरच रोखलेलं होतं.

त्या खिडकीतून टाकं दिसतं, काठ दिसतो, वाकून दाणे टाकणारा माणूसही दिसतो. पंधरा दिवस ती बाई रोज सकाळी चोर दाखवत होती. आणि चोर रोज तिला सांगत होता, पकडतो मी त्याले, सोडत नाई.

"अरे देवा," भैयाजी म्हणाले. देवाचं नाव त्यांच्या तोंडात चाळीस वर्षांत आलं नव्हतं.

"रडजा मंग! पहिले मासोळ्या काढा!" तानाबाईनं त्यांच्या दंडाला हिसका दिला. "पोरी, घरात साठवलेलं जुनं पाणी हाय का?"

"ड्रमभर हाय!"

मग कोण शेजारी आणि कोण वैरी! लीलाबाईंनी भिंतीवरून आपला मोठा टब दिला. मोनाली अन् ओमप्रकाश बादल्या ओतत राहिले. तानाबाईनं जाळी उपसून साडीचाच झोळणा केला आणि एकेक रोहू उचलली. दोन आधीच कुशीवर झाल्या होत्या. एक टबात पडताच दोनदा उसळली आणि थंड पडली. भैयाजी टबात हात घालायला गेले तर तानाबाईनं तो झटकला.

"ते हात नोका घालू! साबणानं धुऊन या, कोपरापर्यंत!"

भैयाजी न्हाणीघरात गेले आणि हात धूत राहिले. फेस गेला, साबण झिजला, तरी धूतच राहिले. शेवटी मोनालीनं येऊन पाणी बंद केलं.

"चला, बाबा," ती म्हणाली. "दोघायचंही चुकलं."

६

सकाळी टब खाटेपाशी आणून ठेवला. टाकं कोरडं करून झाकलं होतं. काठाची माती खरवडून दूर पुरायची होती, आणि वर्षभर तिथं काही सोडायचं नाही असं तानाबाईनं बजावलं होतं. आज ती बाजारात जाण्याआधी मुद्दाम आली होती. लीलाबाई आपला टब कसा आहे ते बघायला आल्या होत्या. निदान सांगत तरी तसंच होत्या.

टबात एक रोहू होती. शेपटीशी थोडी फिकी, पण पोहत होती. बाकी पाच मोनालीनं सकाळीच नेल्या. यावेळी तिनं दार लोटून घेतलं नाही. भैयाजी सोबत होते आणि खड्डा त्यांनीच खणला, खोल, कुण्या मांजरीला उकरता येणार नाही इतका.

मोनालीनं मुरमुरे टाकले. रोहू वर आली.

"एक," सुलोचनाबाई म्हणाल्या.

आणि थांबल्या.

संपलं, भैयाजींना वाटलं. बारावरून एकावर आणलं मी हिला, आता पुढे काही नाही. ते खाटेजवळ जमिनीवरच बसले.

"सुलोचना, मीच होतो तो," ते म्हणाले. "तू रोज सांगून राह्यली होती. मले दिसलं नाई."

सुलोचनाबाईंनी डावा हात उचलला. तोच हात, तेच बोट. ते भैयाजींच्या छातीशी आलं. भैयाजींनी डोळे मिटून घेतले. जे म्हणायचं ते म्हण, मी त्याच लायकीचा आहे.

"दोन," सुलोचनाबाई म्हणाल्या.

भैयाजींनी डोळे उघडले. बोट पुढे सरकलं होतं, टबापाशी उभ्या असलेल्या मोनालीवर.

"तीन."

मोनालीनं तोंडात पदर कोंबला. बोट आणखी फिरलं.

"चार," म्हणजे लीलाबाई. त्या भिंतीशी खाली बसल्या.

"पाच."

"मले कायले मोजता जी, बाई," तानाबाई डोळे पुसत म्हणाली. "मी तं मासोळ्या विकनारी."

सुलोचनाबाई दाराकडे, खिडकीकडे शोधत राहिल्या. बाहेर ओमप्रकाश कालच्या बादल्या घासत होता. भैयाजी उठले, खिडकीशी गेले आणि त्याला जोरात हाक मारली.